भालूमामांची अकरावी बाटली

आमच्या पार्ल्याच्या इमारतीत त्या वेळी चाळिशी ओलांडलेले पुरुष सतरा होते. त्यांतले सहा टकले. हा आकडा मी छातीठोकपणे सांगतो, कारण विमा कंपनीत कोष्टके तयार करण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत आणि न मोजता बोलायची मला सवय नाही. सहांपैकी पाच जण टोपी घालत. एक काळी, तीन पांढऱ्या आणि एक लोकरीची, तीही वैशाखात. टोपी घालायची पद्धत तोवर मागे पडत चालली होती. तरुण मंडळी उघड्या डोक्याने कचेरीत जात. त्यामुळे टोपी हीच टकलाची पाटी होऊन बसली होती. ज्याला लपवायचे, त्याचेच लोकांना आधी कळे. पण हे त्या पाच जणांना सांगणार कोण?

सांगणारा सहावा होता. भालचंद्र विनायक आठल्ये, सगळ्या इमारतीचे भालूमामा.

"भालचंद्र म्हणजे कपाळावर चंद्र," ते स्वतःच सांगत. "आत्याने बारशाला नाव ठेवलं की भविष्य सांगितलं, देव जाणे. तिच्या मनात द्वितीयेची कोर असेल. पौर्णिमा आम्ही स्वकष्टाने केली."

मामा अंधेरीला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पार्ल्याहून रोज चालत जात, भर उन्हातही बोडके. रस्त्यात कोणी टोपीवाला भेटला की नमस्काराआधी त्याच्या टोपीकडे बघत आणि विचारत, "काय म्हणतंय झाकण?" पुष्कळ लोक त्यांना टाळत. मीही पहिले वर्षभर टाळले. माझ्या डोक्याचा भोवरा तेव्हा विरळ व्हायला लागला होता. एकदा जिन्यात मी त्यांच्या एक पायरी खाली होतो, तर वरून आवाज आला, "लिमये, मागे बघत जा रे अधूनमधून. शत्रू मागच्या दाराने शिरलाय." त्यानंतर टाळण्यात अर्थ उरला नाही आणि आमची ओळख झाली.

मामांनी लग्न केले नव्हते. घरात धाकटी विधवा बहीण गोदूताई आणि तिचा मुलगा वसंता. वसंता चार वर्षांचा असल्यापासून मामांकडेच वाढला. गोदूताई पन्नाशीला आल्या होत्या, पण केस कमरेखाली. रविवारी सकाळी त्या शिकेकाईने न्हाऊन गॅलरीत उन्हाला पाठ करून बसत, तेव्हा तिथून जाणाऱ्याला भिंतीला अंग घासून जावे लागे. मामा वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणत, "आठल्यांच्या घराण्याला देवाने एकूण जेवढे केस मंजूर केले होते, तेवढे सगळे हिने उचलले. बाकीच्यांनी काय करायचं?" गोदूताई मान आणखी वाकवून विंचरत राहत.

स्वयंपाकघराच्या दारावर मामांचे एक शेल्फ होते. त्यावर अकरा बाटल्या. दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीला डोस कळावेत म्हणून कागदाची कंगोरे कापलेली पट्टी चिकटवतात, तशा पट्ट्या मामांनी स्वतः कापून प्रत्येक बाटलीला लावल्या होत्या. पट्टीखाली इलाजाचे नाव, सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख आणि बहुतेकींवर शेवटी ठळक शाईत "फलित: शून्य". बाविसाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत मामांनी केसांसाठी जे जे केले ते सगळे तिथे होते. चीड यावी इतकी नेटकी नोंद होती. आमच्या कंपनीतही इतक्या चोख नोंदी मी कमी पाहिल्या.

नव्या पाहुण्याला मामा ते शेल्फ दाखवत.

"ही पहिली. माक्याचं तेल, चाळीस दिवस. उशी हिरवी झाली. ही कांद्याच्या रसाची. दवाखान्यातले रोगी माझ्यापासून लांब उभे राहायचे, तेवढाच डॉक्टरांना फायदा. ही हस्तिदंताची मशी. हस्तिदंत जाळून राख करायची आणि चोळायची. सहा महिने चोळली. मग एके दिवशी राणीच्या बागेत हत्ती बघितला आणि डोक्यात प्रकाश पडला. अरे, त्या हत्तीलाच कुठे केस आहेत?"

पुढची बाटली जांभळ्या किरणांच्या दिव्याची. म्हणजे बाटलीत दिवा नव्हता. फोर्टातल्या एका डॉक्टरांनी दिव्याखाली बसवून त्यांच्या डोक्याची साल काढली, ती साल बाटलीत होती. मला हे अमंगळ वाटे. मामा म्हणत, "पुरावा आहे, राहू दे." शीर्षासनाची बाटली रिकामी होती. भिंतीला पाय लावून तीन महिने उलटे उभे राहिल्याने केस आले नाहीत, भिंतीवरची तसबीर मात्र पडली. तिच्या काचेचा एक तुकडा आत होता.

दहावी बाटली सीलबंद होती. ती ज्या मोठ्या डॉक्टरांची, त्यांनी मामांना खरे ते सांगितले होते. वडील टकले, आजोबा टकले, त्याला वरून लावायचे कुठलेही औषध उपयोगाचे नाही. मात्र वयात येण्याआधी ज्यांना खच्ची केले जाते त्यांना टक्कल पडत नाही, असे आढळले आहे. खात्रीचा म्हणावा असा तेवढाच एक इलाज, तोही वेळेवर केला तर.

"मी म्हटलं, डॉक्टर, आधी केस कशासाठी हवेत ते ठरवू या." मामा हे सांगताना कधी हसत नसत. "लग्न जमावं म्हणून केस हवेत आणि केस राहावेत म्हणून हे करायचं. वा! तरी त्यांनी वासाचं पाणी दिलंच. रिकाम्या हाताने माणूस परत पाठवला तर दवाखाना चालत नाही. मी फोडली नाही ती बाटली."

अकरावी मुंडणाची. वारंवार गोटा केला की केस दाट येतात, हे शास्त्र कोणी लिहिले मला माहीत नाही, पण आपल्याकडे घरोघर ते ठाऊक असते. मामांनी गोटा केला आणि दुसऱ्याच दिवशी दादरहून त्यांच्या वडिलांचे जुने स्नेही रुमाल हातात धरून दारात आले. रस्त्यात त्यांनी मामांचे डोके पाहिले होते आणि आपल्या समाजात बाप्याने गोटा करण्याचा एकच अर्थ होतो. दार मामांच्या वडिलांनी उघडले. स्नेही तोंड उघडे टाकून बघत राहिले. वडील म्हणाले, "मी आहे अजून. चहा घेणार, की सुतक पाळणार?"

"बरं, माझी मिशी होती ना!" मामा चिडून सांगत. "बाप गेल्यावर मिशीसुद्धा जाते. पण लोक मिशी कुठे बघतात? एवढा प्रसंग झाला तरी मी आणखी पाच वेळा गोटा केला. माणूस केसांसाठी बापाला सहा वेळा मारतो, हे लिहून ठेव."

ही बाटली रिकामी होती आणि तिच्या पट्टीला सात कंगोरे होते. सहा कंगोऱ्यांपुढे पेन्सिलीने शून्य काढलेले. सातव्यापुढे शून्य नव्हते. तिथे बरोबरची एक बारीक खूण होती. खाली "फलित" एवढेच लिहून पुढची जागा कोरी सोडली होती.

दहा बाटल्यांवर शून्य आणि अकरावीवर कोरी जागा, ही विसंगती मला पहिल्याच दिवशी दिसली. मी विचारले, "मामा, सातव्यांदा काय झालं?"

"न्हावी कंटाळला," मामा म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

त्यानंतर मी दोनदा विचारले, दोन्ही वेळा हेच उत्तर मिळाले. बरे, तिसाव्या वर्षी त्यांनी सगळे इलाज बंद केले आणि लग्नाचा विषयही बंद केला, एवढे मला माहीत होते. तारखा तशा जुळत होत्या.

वसंता सव्वीस वर्षांचा झाला आणि त्याच्या कपाळाच्या दोन्ही अंगांनी खाड्या आत शिरायला लागल्या. मुलगा सरळ होता, एका कारखान्यात नकाशे काढायच्या नोकरीला होता. मामांनी त्याला एकदाच उजेडात उभे करून डोके पाहिले आणि म्हणाले, "आलास बाबा घराण्यात." गोदूताईंनी मात्र हाय खाल्ली. वसंताला स्थळे यायला लागली होती.

अंधेरीच्या बाजारात त्याच सुमारास एका गृहस्थाने "केशोद्धार" अशी पाटी लावली होती. गोदूताई तिथून तेलाची बाटली घेऊन आल्या, तेव्हा मामा मला आणि वसंताला घेऊन तडक तिथे गेले. खोलीत उदबत्ती, भिंतीवर फोटोंच्या जोड्या, आधीचा आणि नंतरचा. केशोद्धारवाले चाळिशीचे होते आणि त्यांच्या डोक्यावर केसांचे रान होते.

मामा फोटोंपाशी गेले. चष्मा कपाळावर सरकवून एकेक फोटो पाहिला.

"ही चाई आहे," ते म्हणाले. "हीपण चाई. हीपण. रुपयाएवढा गुळगुळीत गोल दिसतोय. अहो, चाई पुष्कळदा आपली आपण भरून येते. तिला तुमचं तेल लावा नाहीतर इंजिनाचं."

"टक्कल म्हणा, चाई म्हणा, शेवटी केस जाण्याचाच रोग," केशोद्धारवाले गोड हसून म्हणाले.

"एक कसा? चाई म्हणजे पाहुणी, आली तशी जाते. टक्कल म्हणजे मुंबईतला भाडेकरू. एकदा शिरला की कोर्टाच्या हुकमानेही निघत नाही, उलट दरवर्षी एकेक खोली वाढवून घेतो. भाडेकरू गेल्याचा एक तरी फोटो आहे का तुमच्याकडे?"

मी विचारले, "आजवर टकलाचे किती रोगी आले आणि त्यांतल्या किती जणांना केस आले?"

"शेकडो!"

"आले ते शेकडो, की उगवले ते?"

केशोद्धारवाल्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते मामांना म्हणाले, "साहेब, हातच्या कंकणाला आरसा कशाला? हे माझे केस बघा. हेच तेल वापरतो."

"वडील आहेत?"

"आहेत की. सत्तर वर्षांचे. अजून दाट केस."

"ते कुठलं तेल लावतात?"

गृहस्थ बोलून गेले, "खोबरेल."

मामा वळले आणि पायऱ्या उतरले. रस्त्यावर आल्यावर वसंताला एवढेच म्हणाले, "तुला बाप बदलून देता येणार नाही, आणि मामाही."

असे सगळे ऐकून कोणीही शहाणा माणूस तेल फेकून देईल. गोदूताईंनी दुसरी बाटली आणली. वसंता बिचारा आईला दुखवू शकेना. त्याने तेल लावले आणि रोज सकाळी कंगव्यात येणारे केस मोजून मला आकडा आणून दिला. पहिले दहा दिवस तेलाशिवाय, मग चाळीस दिवस तेल लावून. बिनतेलाच्या दहा दिवसांची सरासरी निघाली एकसष्ट. तेलाच्या शेवटच्या दहा दिवसांची त्रेसष्ट. दोनाचा फरक मी धरत नाही. मी कागद गोदूताईंपुढे ठेवला.

"तुमचे आकडे राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "हे गळतायत ते मेलेले. मेलेले गेल्याशिवाय नवे कसे येतील?"

यावर कोष्टक नसते. मी कागद घडी करून खिशात घातला.

मग घाटकोपरचे स्थळ आले. मुलीचे वडील ठोसर मास्तर, शाळेत हेडमास्तर. तीन ज्योतिष्यांकडून पत्रिका जुळवून घेतलेली. मास्तर मुलाचे घर पाहायला येणार होते. आपल्याकडे जुने लोक असे समजतात की टक्कल मामाकडून भाच्याला येते. मुलाचे डोके आज कसे आहे ते मुलात दिसते, उद्या कसे होईल ते मामात दिसते. मामाला लपवावे तर लग्नात अंतरपाटापाशी नवऱ्यामुलाच्या पाठीमागे मामाच उभा राहतो. म्हणजे शेकडो लोकांपुढे भाच्याचे भविष्य त्याच्या खांद्यावरून चमकत राहणार.

गोदूताईंनी यावर जो तोडगा काढला, तो माझ्या मते केशोद्धारवाल्यालाही सुचला नसता. बोरिवलीला त्यांचा एक मावसभाऊ होता, बंडोपंत. डोक्यावर केसांचे वारूळ. त्या दिवशी मामा म्हणून बंडोपंत बसणार आणि लग्नातही पाठीमागे तेच उभे राहणार.

"मावसभाऊ म्हणजे मामाच की," त्या मामांना म्हणाल्या. "खोटं काय त्यात? दादा, तू तेवढा वेळ लिमयांकडे बस. माझ्या पोराचं लग्न होऊ दे."

मामांनी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. "बसतो," म्हणाले. "बंडूला सांग, तेल कमी लाव. चिकटा होईल गादीला."

आमच्या आणि त्यांच्या खोलीत लाकडी पडदी होती. पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येई. मामा माझ्या खुर्चीत चहाची बशी धरून बसले. पलीकडे पोहे झाले, चौकशा झाल्या. वसंता टोपी घालून बसला होता. मास्तर म्हणाले, "खरं सांगू का, मुलाच्या मामांना पाहिलं आणि मनावरचं एक ओझं उतरलं. आमच्या मुलीचा जरा कटाक्ष आहे हो."

बंडोपंतांना गप्प बसता आले असते. ते म्हणाले, "छे छे, काळजीच नको. आमच्या घराण्यात टक्कल नाही!"

मामांनी बशी खाली ठेवली.

"लिमये, तिला माझ्या डोक्याची लाज वाटली, ते मी गिळलं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण हे काय झालं ठाऊक आहे? आधी एकाचा फोटो आणि नंतर दुसऱ्याचा. अंधेरीचा तो भामटाही निदान माणूस तोच ठेवतो."

मी "मामा, बसा" म्हणेपर्यंत ते पलीकडे पोचले होते.

"नमस्कार. मी मुलाचा मामा."

"मग हे?" मास्तरांचा आवाज.

"हे मावस. मी सख्खा. यांचं घराणंच वेगळं, डोकंही वेगळं. वसंता, टोपी काढ. हं. बघा मास्तर, आज हे असं आहे आणि चाळिशीला हे असं होणार. तुमची मुलगी ज्या डोक्याशी संसार करणार, ते हे. मी तीस वर्षं औषधं बनवतोय. याला औषध नाही. इलाज बघायचे असले तर त्या शेल्फावर अकरा आहेत. बाकी मुलगा सोन्यासारखा आहे, ते मी सांगायला नको."

 मग मास्तर "कळवतो" म्हणाले आणि उठले. चौथ्या दिवशी कार्ड आले. पत्रिका जुळत नाही. तीन ज्योतिष्यांनी जुळवलेली पत्रिका चार दिवसांत कशी बिघडली, हे विचारायची सोय नसते. सभ्य लोकांचे खोटे बोलणे असेच छापील असते.

गोदूताईंनी मामांशी बोलणे टाकले. मी दिवस मोजले. चौऱ्याहत्तर. त्या पानावर बसून म्हणत, "वसंता, मामाला विचार, भात हवा का." मामा म्हणत, "वसंता, आईला सांग, हवाय. आणि आमटीत मीठ नाही, तेही सांग." ऐकणाऱ्याला हसू येई, पण त्या दिवसांत मामा वाळले. रस्त्यात टोपीवाल्यांना छेडणे बंद झाले. एका संध्याकाळी ते गॅलरीत माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यांदा मला काही विचारले.

"माझं चुकलं का रे?"

मी म्हटले, "बोललात ते खरं होतं. पण तुमच्या खऱ्याची किंमत वसंताने भरली."

"हं." ते बराच वेळ कठड्यावर हात चोळत राहिले. "इलाज नसेल तिथे औषध देऊ नये, एवढं मला कळतं. पण मग त्या माणसाला द्यायचं काय, ते मला कधी जमलं नाही. गोदूला मी वासाचं पाणी तरी द्यायला हवं होतं."

मामांच्या तोंडून हे ऐकून मला बरे वाटले नाही. त्यांच्या तिरस्काराची मला सवय झाली होती. तो चोख होता.

वसंताने मात्र त्या दिवशी काढलेली टोपी पुन्हा घातली नाही. उरलेले तेल त्याने गॅलरीच्या दाराच्या बिजागऱ्यांना घातले. दाराचे करकरणे थांबले. केशोद्धारचा मी प्रत्यक्ष पाहिलेला गुण तेवढाच. पुढचे स्थळ मुलुंडचे होते. वसंता एकटाच गेला आणि मुलीला तोंडावर म्हणाला, "माझे केस जाणार आहेत. आमच्या घराण्यात आहे ते."

कुसुम तिचे नाव. ती म्हणाली, "जाऊ देत की. आमच्या बाबांच्या घरात सगळे कंगव्यासाठी भांडतात. तुमच्याकडे तो माझा एकटीचा राहील."

लग्न ठरले. गोदूताईंचे मौन त्या दिवशी सुटले, पण जे शब्द बाहेर पडले ते असे: "दादा, लग्नात फेटा बांधायचा. कानांपर्यंत."

मला वाटले आता मामा काहीतरी जहरी बोलतील. ते म्हणाले, "बांधतो."

मुलुंडला मुलीच्या घराच्या अंगणात मांडव होता. मामा अंतरपाटापाशी वसंताच्या मागे उभे राहिले. गुलाबी फेटा कानांवर उतरला होता आणि चैत्राच्या उन्हाने खालून घाम गळत होता. ज्या माणसाने जन्मात टोपी घातली नाही, त्याला त्या अवस्थेत बघून आमच्या इमारतीतले ते पाच टोपीवाले एकमेकांना कोपराने ढोसत होते. मला त्या पाचांची किळस आली, आणि मामांचाही थोडा राग आला.

गोदूताई मांडवात नव्हत्या. विधवा आई मंगल कार्यात पुढे जात नाही. त्या मागे, घराच्या दारात उभ्या होत्या आणि मी त्यांच्याजवळच्या बाकावर होतो. मंगलाष्टके सुरू झाली. मी म्हटले, "गोदूताई, एक विचारू? मुंडणाच्या बाटलीवर सातव्या कंगोऱ्यापुढे शून्य का नाही?"

त्या मांडवाकडेच बघत होत्या. 

"वसंताचे वडील गेले तेव्हा मी सासरी होते, राजापूरकडे," त्या म्हणाल्या. "वसंता चार वर्षांचा. दहाव्या दिवशी पडवीत पाट मांडला, न्हावी बोलावला. माझ्यासाठी. आमच्या घरात तसंच होतं, सासूचं झालं होतं. दादा त्या सकाळी आगबोटीने आला. सासऱ्यांना म्हणाला, हिच्या केसांना हात लावायचा नाही. सासरे म्हणाले, न्हावी दारातून रिकामा जात नसतो. दादा म्हणाला, बरोबर आहे, आणि स्वतः पाटावर जाऊन बसला. एवढे इलाज करून जरा कुठे चार केस धरले होते त्याचे. रत्नागिरीची एक मुलगी पसंत पडली होती, पुढच्याच महिन्यात बघायला येणार होते तिचे लोक. न्हावी उतरवत होता आणि हा माझ्याकडे बघत होता. उठला नि म्हणाला, झालं तुमच्या घरचं क्षौर. गोदू, पोराला घे, चल."

"आणि रत्नागिरीचे लोक?"

"आले होते. डोकं बघून गेले."

शेवटचे मंगलाष्टक सुरू झाले होते. गोदूताईंनी पदर सारखा केला. केसांचा तो जडशीळ अंबाडा पदराखालीही उंच दिसत होता. मग त्या दारातून उतरल्या आणि लोकांमधून वाट काढत सरळ अंतरपाटापाशी गेल्या. मीही मागोमाग गेलो. बायका बघत राहिल्या. भटजींचा आवाज एका अक्षरावर अडखळला.

"दादा," त्या म्हणाल्या, "काढ ते. विदूषक दिसतोयस."

"बांधायला तूच सांगितलंस."

"मग आता काढायलाही मीच सांगतेय. काढ."

मामांनी फेटा काढून काखेत धरला.

पुढच्या महिन्यात माझी नागपूरला बदली झाली. मामा गेल्याचे वसंताचे पत्र मला तिथेच आले. म्हणजे मी त्यांना शेवटचे नीट पाहिले ते या मांडवात. अंतरपाट सरकला आणि अक्षता पडल्या. सगळ्यांच्या केसांत अडकल्या, माझ्याही, कारण अडकण्यापुरते अजून होते. वसंताच्या डोक्यावर पुष्कळ राहिल्या. मामांच्या डोक्यावरून मात्र घरंगळून खाली येत होत्या, एकही ठरत नव्हती. गोदूताई शेजारी उभ्या राहून भावाच्या डोक्याकडे उघड बघत होत्या. चार-पाच मुठी पडून झाल्यावर एक अक्षता ओल्या कपाळावर, जिथे चंद्र असायचा तिथे, चिकटली. मामांना ती जाणवली असणार. त्यांनी पुसायला हात उचलला होता, तो अर्ध्यावरून खाली घेतला.